माशाला लावली फूटपट्टी

कापड आपण मोजून घेतो, दूध मापून घेतो, सोनं तर गुंजभराचा हिशेब करून घेतो. पण मासा? मासा आपण पाहून घेतो. कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, बोटाने दाबून घट्ट आहे का बघायचं आणि मग घासाघीस करून भाव ठरवायचा. माशाला फूटपट्टी लावायची असते, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ते कळलं तेही आमच्या देवगडला नाही, तर पार न्यूझीलंडला जाऊन!

माझी धाकटी बहीण ऑकलंडला असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आई आधीच गेली होती. २०२४ च्या मे महिन्यात मला शाळेची सुट्टी लागली, तशी मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले. अण्णांचं सारं आयुष्य देवगडच्या खाडीकाठी गेलेलं. आम्ही काही कोळी-गाबीत नव्हे, पण खडकावर बसून गरवण्यात अण्णांचा हात धरणारा आमच्या वाडीत कोणी नव्हता. मी लहान असताना महिनाअखेरीला घरात भाजी नसली, की अण्णा गरी घेऊन निघायचे आणि तासाभरात आई वाटणाला बसायची. त्यामुळे ‘इथे धक्क्यावर बसून मासे पकडता येतात, सरकारी परवानाही लागत नाही,’ असं जावईबापूंनी सांगितल्यावर अण्णांची कळी खुलली. रविवार येईपर्यंत त्यांना दम निघेना.

जावईबापूंनी गाडीत बसतानाच काही नियम सांगितले. मी अर्धे ऐकले. अण्णांनी तर तेवढेही ऐकले नसावेत.

‘मावशी, सोड त्याला!’

धक्का लाकडी होता. त्यावर नाना देशांची माणसं ओळीने बसलेली. चिनी आजोबा, सामोआची धिप्पाड कुटुंबं, शाळकरी मुलं. प्रत्येकाजवळ बादली आणि बादलीजवळ एक पट्टी. मला वाटलं, दोरा मोजायला असेल. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याकडेही तशीच पट्टी होती.

अर्ध्या तासात माझ्या गळाला ओढ लागली. बऱ्याच वर्षांनी दोरी हाताला अशी झोंबली! वर आला तो गुलाबी, पाठीवर निळे ठिपके असलेला देखणा मासा. आपल्या तांबोशीची आठवण व्हावी असा. त्याला तिथे स्नॅपर म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं सार केलंसुद्धा! एवढ्यात भाच्याने तो पट्टीवर आडवा धरला, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजला आणि म्हणाला, “अठ्ठावीस. मावशी, सोड त्याला.”

“अरे, दोन सेंटिमीटर तर कमी आहे!”

“तीस पाहिजे,” त्याने शांतपणे सांगितलं आणि हात ओले करून मासा पाण्यात सोडून दिला. मी बघतच राहिले. अण्णांना मात्र ते सहन झालं नाही. “एवढो बरो मासो आणि पाण्यात टाकूचो?” ते पुटपुटले आणि पाठ फिरवून बसले.

पुढचा मासा अण्णांना लागला. तो त्यांनी कोणालाच दाखवला नाही. बादलीत ठेवून त्यावर ओलं फडकं टाकलं. मी पाहिलं, पण गप्प राहिले. सत्तरीच्या बापाला चारचौघांत काय बोलायचं?

थोड्या वेळाने गणवेशातली एक बाई एकेक बादली बघत आमच्यापाशी आली. मत्स्यखात्याची अधिकारी. हसून नमस्कार केला, किती जण गरवताय विचारलं आणि फडकं उचललं. मासा सत्तावीस सेंटिमीटर भरला. “हा कोणी धरला?” कोणीच बोलेना. शेवटी भाचा म्हणाला, “आजोबांनी.” त्याला खोटं बोलणं माहीतच नव्हतं.

ती बाई ओरडली नाही. अण्णा पाहुणे आहेत हे कळल्यावर नाव लिहून घेऊन तिने तोंडी ताकीद दिली. दंड मात्र केला नाही. पण मासा ठेवू दिला नाही. तो केव्हाच मेला होता, तरीही! “आता तरी घेऊ दे, फुकट कशाला घालवायचा?” असं मी जावईबापूंकरवी विचारलं. ती म्हणाली, “मेलेला मासा ठेवायची मुभा दिली, तर उद्या प्रत्येकाचा लहान मासा ‘आधीच मेलेला’ असेल.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांनी तो मासा स्वतःच्या हाताने पाण्यात टाकला. घरी येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.

नियम तरी काय आहेत?

मला रात्री झोप येईना. वडिलांचा अपमान झाल्याचा राग होता, आणि चूक आपली होती याची लाजही. दुसऱ्या दिवशी बहिणीने तिथल्या सरकारचं मासेमारीच्या नियमांचं फुकट मिळणारं ॲप मोबाईलवर उघडून दिलं. तान्ह्या भाचीला मांडीवर घेऊन मी ते वाचत बसले.

ऑकलंड ज्या हौराकी आखाताच्या काठी वसलं आहे, तिथे हौसेने गरवणाऱ्याला ३० सेंटिमीटरपेक्षा लहान स्नॅपर घरी नेता येत नाही. आणि मोठे मिळाले तरी दिवसाला माणशी सातच. हे आकडे पूर्वी इतके कडक नव्हते. २७ सेंटिमीटर आणि माणशी नऊ असा नियम होता. मासा कमी झाला म्हणून १ एप्रिल २०१४ पासून तो बदलला. किंगफिश नावाचा दांडगा मासा असतो, तो ७५ सेंटिमीटरचा हवा आणि दिवसाला तीनच. आपल्या तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्या ओहोटीला वाळूत सापडतात, त्या ऑकलंडच्या परिसरात माणशी पन्नास. पन्नास तिसऱ्यांत आमच्या घरी एकाचं पोट भरणार नाही! शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पोटाखाली अंड्यांचा घोस घेऊन आली तर ती कितीही मोठी असो, परत सोडायची. देशाच्या दुसऱ्या भागांत आकडे निराळे आहेत. जिथला समुद्र तिथला नियम.

या नियमांतल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली, वाटा गरवणाऱ्याचाच. घरी बसलेल्या बाळंतिणीच्या नावावर आणखी सात मासे आणता येत नाहीत. दुसरी, हौसेने पकडलेला मासा विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देताही येत नाही. खा, पाहुण्यांना खाऊ घाला, पण त्याचा धंदा करायचा नाही. नियम मोडला तर दंड होतो, आणि गुन्हा मोठा असेल तर गाडी किंवा होडीसुद्धा जप्त होते.

आता तीस सेंटिमीटरच का? स्नॅपर सावकाश वाढतो. अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला तीन-चार वर्षं लागतात, आणि जगला तर तो साठ वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे जवळजवळ माणसाचंच आयुष्य! निदान एक-दोनदा त्याची वीण होऊ द्यावी आणि मग त्याला ताटात घ्यावं, असा हा साधा हिशेब. बियाणं खाऊन टाकलं तर पेरायचं काय, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. समुद्रात मात्र पेरणी दिसत नाही, म्हणून तिची आठवण राहत नाही.

सगळं तिथेही गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. हौसेने गरवणाऱ्याला तीस सेंटिमीटरची अट. पण त्याच पाण्यात धंद्याची मासेमारी करणाऱ्या बोटींना, मी गेले तेव्हा, पंचवीसचीच अट होती. बोटींना एकूण किती टन मासा धरायचा याचा कोटा १९८६ पासून ठरवून दिलेला असतो, हे खरं. तरी “माझ्या पोराने अठ्ठावीसचा सोडायचा आणि बोटीने सव्वीसचा विकायचा, हा कुठला न्याय?” असं धक्क्यावरची माणसं विचारतात. हा प्रश्न मला पुढे आपल्या बाजारातही ऐकू येणार होता.

अण्णा बोलले

चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आपण होऊन बोलले. घरात आम्ही दोघंच जागे होतो.

“तेव्हा मासो कमी नव्हतो गो,” ते म्हणाले, “खाणारी तोंडा कमी होती.”

मग बराच वेळ ते खाडीबद्दल बोलत राहिले. कुठल्या खडकाशी कुठला मासा लागायचा, कुठल्या भरतीला लागायचा. आणि शेवटी म्हणाले, की गेल्या काही वर्षांत ते गरवायला जातात ते केवळ सवयीने. अख्खी सकाळ बसून दोन बोटांएवढी पिल्लं मिळतात. ती ते घेऊन येतात, कारण रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटते. “त्या बायेन माका पकडल्यान त्येचा काय नाय,” ते म्हणाले. “नातवान सांगल्यान, ता लागला.”

मला वाटतं, अण्णांना कायदा पटवून देण्याची गरजच नव्हती. तो त्यांना आधीच ठाऊक होता. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात लोटत नसत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण. पण पुष्कळ माशांच्या विणीचा काळही तोच. आजही आपलं सरकार पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतं, ते ह्याच धोरणाने. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही अशीच एक चाल आहे. किनाऱ्याच्या एखाद्या भागात मासा किंवा शिंपली कमी झाली, की जाणती मंडळी त्या जागेवर ‘राहुई’ घालतात. म्हणजे काही काळ तिथलं काही घ्यायचं नाही. पकडलेला पहिला मासा समुद्रदेव तांगारोआला परत द्यायचा, अशीही त्यांची रीत. नारळ काय आणि पहिला मासा काय, घेण्याआधी काहीतरी द्यायचं, हे दोन्हीकडच्या किनाऱ्यांना कळलेलं होतं.

आपल्या बाजारात

परत आल्यावर मी ठाण्याच्या बाजारात गेले आणि पहिल्यांदाच मासे पाहण्याऐवजी मोजू लागले. माझी स्वतःची वीत मी घरी फूटपट्टीवर मोजून ठेवली होती. ती भरली १९ सेंटिमीटर. एका टोपलीत पापलेटाचा वाटा होता. तळहातात मावतील अशी आठ-दहा पिल्लं, आणि भाव इतका उतरलेला की कोणालाही मोह व्हावा. मी स्वतः असे वाटे कितीदा घेतले आहेत! ‘मुलांना काटा कमी लागतो, तव्यात अख्खा मावतो’ म्हणून कौतुकही केलं आहे.

आणि मैत्रिणींनो, कायदा आपल्याकडेही आहे बरं का. केरळने २०१५ साली ही वाट घालून दिली. तिथे तारली १० सेंटिमीटरपेक्षा आणि बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही, असा नियम झाला. २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यात बांगडा आहे, १८ सेंटिमीटरचा बोंबील आहे, सुरमई आहे, आणि पापलेट तर आहेच. त्याच वर्षी पापलेटाला राज्याच्या माशाचा मानही मिळाला. तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांची पिशवी कोणी तपासत नाही. पण बोटीवरचा माणूस पिल्लं धरतो ती बाजारात खपतात म्हणूनच ना?

मी मासेवालीला म्हटलं, “मावशी, ही पिल्लं नको. मोठं असेल तर द्या.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, ही मी धरली का? लिलावात अख्खी टोपली घ्यावी लागते. मोठ्याबरोबर ही येतातच. तुम्ही नाही घेतलीत तर दुसरी घेईल, आणि कोणीच नाही घेतली तर माझे पैसे बुडतील. मोठ्या बोटींना विचारा की, बारीक जाळं का टाकता!”

तेच ते, धक्क्यावर ऐकलेलं! आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जाळ्याचे डोळे किती बारीक असावेत हे तिच्या हातात नाही. नियमाचा काच नेहमी धक्क्यावरच्या म्हाताऱ्याला आणि टोपली घेऊन बसलेल्या बाईलाच आधी लागतो. मी त्या दिवशी तिच्याकडून दोन बांगडे घेतले, माझ्या विटेत पुरेपूर बसणारे. पिल्लं घेतली नाहीत. मी उठले तशी माझ्यामागच्या बाईने ती घेतली.

म्हणून हे सगळं व्यर्थ का? मला तसं वाटत नाही. एकटीने नाही म्हटलं तर मासेवालीचं नुकसान होतं, आणि दहा जणींनी नाही म्हटलं तर लिलावात त्या टोपलीचा भाव पडतो. भाव पडला की बारीक जाळं टाकण्यातला फायदाही कमी होतो. निदान आपल्या हातात एवढं तरी आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

आपली वीत एकदा फूटपट्टीवर मोजून ठेवा. तेवढीच खूण बाजारात पुरते. बांगडा १४ आणि बोंबील १८ सेंटिमीटर, हे दोन आकडे लक्षात असले तरी पुष्कळ झालं.

लहान मासा म्हणजे पिल्लूच असं मात्र समजू नका. मांदेली, जवळा ही जातच लहान. ती पूर्ण वाढूनही एवढीच राहते, तेव्हा ती बेलाशक घ्या. पापलेट, सुरमई, हलवा हे वाढणारे मासे. त्यांची तळहाताएवढी पिल्लं टाळा. बजेट कमी असेल त्या दिवशी पिल्लू पापलेटाऐवजी मांदेली तळा. चवीला ती काही कमी नाही.

‘गाभोळीचाच मासा द्या हं’ असा हट्ट थोडा कमी करूया. मलाही गाभोळी प्रिय आहे, हे कबूल करते. पण विणीच्या दिवसांत मुद्दाम अंड्यांनी भरलेलीच चिंबोरी शोधायची, हे आता मला जड जातं.

मुलं गावी गरवायला जात असतील तर त्यांना पट्टी द्या आणि सोडण्याची रीतही शिकवा. मासा धरण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. त्याला तापल्या दगडावर ठेवू नये, कल्ल्यांत बोटं घालू नयेत. गरी खोल गिळली असेल तर ओढून काढण्यापेक्षा दोरा तोंडाजवळ कापावा. आणि मासा भिरकावू नये, पाण्याशी वाकून अलगद सोडावा. आमच्या आठ वर्षांच्या भाच्याला हे सारं येतं, मग आपल्या मुलांना का येऊ नये?

अण्णा आता देवगडला परतले आहेत. गेल्या गणपतीला मी गेले, तेव्हा पडवीत त्यांची गरवायची काठी टेकून ठेवलेली दिसली. मुठीच्या वर, सुरीने पाडलेल्या दोन खाचा होत्या. एक खालची, एक वरची. मी वीत लावून पाहिली. माझ्या विटेहून दोन खाचांमधलं अंतर थोडं जास्तच भरलं.

त्या दिवशी अण्णा रिकाम्या हाताने घरी आले. आईने न विचारता डाळीला फोडणी दिली. आम्ही सगळे मुकाट्याने जेवलो, आणि अण्णांनी आमटी दोनदा मागून घेतली.